पायांशी उघडी रेघ

सरत्या शरदाचं ऊन सड्यावर उतरलं होतं. तांबूस, तलम, तिरपं ऊन. चार महिने पावसात न्हालेला तो जांभ्याचा विस्तीर्ण, वृक्षहीन, वाऱ्याला आंदण दिलेला माळ आता हळूहळू वाळत होता; आणि त्याच्या खळग्याखळग्यांतल्या उथळ पाण्याकाठी जांभळ्या फुलांची इवली नक्षत्रं अजून तग धरून होती. पुढे हजारो वर्षांनी कोकणातली माणसं त्या फुलांना सीतेची आसवं म्हणणार होती. सीता अजून जन्मायची होती. आसवं मात्र होती, आणि ती कुणाची, तेच सांगायचं आहे.

सड्याचा कडा जिथे तुटे, तिथून खाली समुद्र. नील, निरंतर, निर्विकार समुद्र. त्याच्या कुशीतून एक खाडी आत वळलेली, आणि खाडीच्या काठी पंधरावीस चुलींची एक वस्ती. लोखंड ठाऊक नसलेली, नांगर ठाऊक नसलेली, पण दुःख पुरेपूर ठाऊक असलेली ती माणसं.

त्यांची चित्रं वर सड्यावर होती. कातळाच्या पाठीवर पसरलेली, आभाळाकडे तोंड करून निजलेली चित्रं: शेपूट वळवलेले पाकट मासे, सोंड उचललेला हत्ती, एकमेकांना पाठमोरे मोर. रेघ बोटभर रुंद, नखभर खोल. दुपारी ऊन डोक्यावर आलं की ती सगळी नाहीशी होत. सकाळी आणि सांजेला सावली रेघांत उतरली की पुन्हा उठून बसत. म्हणून कातळावरचं काम करायचं ते तिरप्या उजेडातच.

त्यातली निम्मी चित्रं पांगारीच्या हातची होती. मुठीत मावणारी गारगोटी, आणि सारखा, सावध, संथ ठोका. टक, टक, टक. मग फुंकर. मग पुन्हा टक, टक. चाळिशी उलटलेली, हाताच्या शिरा वर आलेली ही बाई माणसांशी कमी आणि कातळाशी जास्त बोलायची. "हल रे, मेल्या, एवढा कसला ताठा?" असं त्याला दटावायची, आणि कातळ तिचं ऐकायचा.

आणि ह्याच बाईवर ती वेळ आली.

समुद्राने नेलेल्या माणसाची ना राख उरते, ना खड्डा. म्हणून त्या वस्तीची रीत अशी, की त्याला सड्यावर आखायचं. त्याच्या मापाचं कुणी कातळावर निजायचं, त्याच्या कडेने कोळसा फिरवायचा, आणि त्या कोळशावरून रेघ टोचायची. पण दोन्ही घोट्यांशी थांबायचं. तळवे आखायचे नाहीत, पायांशी रेघ उघडी ठेवायची. कोण जाणे, आलाच परत, तर आत शिरायला वाट नको का?

पावसाळा सरेपर्यंत वाट पाहायची. सड्यावरचं गवत पिवळं पडलं की तळवे आखून रेघ मिटवायची. मग तो माणूस गेला. मिटलेली रेघ कुणी ओलांडायची नाही. बाहेरून आत नाही, आतून बाहेर नाही. ओलांडली तर ती मोडली, आणि मोडलेली रेघ जन्मात पुन्हा सांधता येत नाही.

त्याच्या बायकोचं सगळं भवितव्य त्या रेघेत. रेघ उघडी, तिची चूल अर्धी, असं म्हणत. शिकारीत वाटा अर्धा, आणि दुसरा माणूस करायची मुभा नाही. रेघ मिटली की ती मोकळी.

तिवर हा पांगारीचा एकुलता एक. खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत जन्मला, म्हणून तिवर. वैशाखात, समुद्र अजून शहाण्यासारखा वागत असताना, तो पाकट मारायला गेला. तिसऱ्या दिवशी होडी खाडीच्या मुखाशी पालथी आली. तो आला नाही.

त्याला आखताना सासूसुनांचं भांडण झालं. हो, भांडण! तिवराची बायको काजवी त्याच्या जागी निजली होती. तिचं कपाळ त्याच्या हनुवटीला लागायचं, म्हणून डोक्याकडे वीतभर जास्त धरायचं ठरलं. पांगारीने धरलं चार बोटं. खांदे तर असे आखले, की त्यात दहा वर्षांचं पोर मावावं.

काजवी उठून बघते तो काय! "आये, हा तुझा लेक झाला. माझा नवरा एवढासा नव्हता."

"मला शिकवतेस? माझ्या पोटात वाढलाय तो."

"पोटात होता तेव्हा एवढा असेल."

आणि त्या तसल्या दुःखातही दोघी फसकन हसल्या. हसता हसता रडल्या, गळ्यात गळा घालून रडल्या. मग काजवीने स्वतःच्या हाताने कोळसा घेतला आणि रुंद, रेखीव, जिवंत खांदे ओढले. पांगारीने मुकाट्याने त्यावरून रेघ टोचली. आपला लेक केव्हा एवढा मोठा झाला, हे तिला तेव्हा कळलं.

मग पाऊस आला, धो धो आला, आणि गेला. रेघेत पाणी साचलं, शेवाळ धरलं, शेवाळ वाळलं. समुद्राने काही परत दिलं नाही.

गवत पिवळं पडलं. सोन्यासारखं, सुकलेलं, सळसळतं गवत. आणि पांगारीच्या सबबी सुरू झाल्या. कधी कातळ अजून ओला. कधी गारगोटीला धार नाही. कधी उजेडच बरा नाही. वस्तीतला वडीलधारा धावडाआजा दोनदा तिच्या चुलीशी येऊन बसला आणि दोनदा नुसताच खाकरून उठला. तिसऱ्यांदा मात्र बोलला.

"पांगारे, पोरीचा विचार कर."

पोरीचा विचार! पोरगी एका शब्दाने काही म्हणत नव्हती, हेच तर दुखणं. काजवी पाणी आणी, शिंपल्या वेची, अर्धा वाटा निमूट उचली, आणि त्यातला मोठा तुकडा सासूपुढे सारी. पण पलीकडच्या काठचा तरणा कुंभा ओहोटीला होडी घेऊन खाडी ओलांडून येई. येई आणि लांब, एका खडकावर, जाळं विणत बसे. काजवी त्याच्याकडे कधी पाहत नसे. न पाहण्यासाठी तिला किती जपावं लागतं, हे पांगारीला दिसे, आणि तिच्या अंगाचा तिळपापड होई. मेल्याला दुसरी खाडी नाही का?

एकदा पांगारीने पाहिलं. काठावर काजवी मासे धूत होती. कुंभाचा पाय चिखलात रुतला, तो धपकन बसला, आणि काजवी हसली. खळखळून, मोकळं, वीस वर्षांचं हसू. आणि लगेच तिने ओल्या हाताने आपलं तोंड दाबलं. चोरी करताना सापडावी तशी इकडेतिकडे बघत राहिली.

पांगारीच्या काळजात काहीतरी तुटलं. आपल्यामुळे ह्या पोरीला हसायचीसुद्धा चोरी! तिला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून लाज वाटली. ती तशीच मागे फिरली आणि धावडाआजाला म्हणाली, "उद्या सकाळी मिटवते."

पण मिटवायची म्हणजे काय करायचं, हे तिलाच ठाऊक. वैशाखापासून ती उघडी वाट होती, तोवर तो कुठेतरी होता. उद्या आपल्याच हाताने त्याला आत कोंडायचं, आणि पाठ फिरवून घरी यायचं? आणि मग चुलीवर काय, भाजी शिजवायची? छे! सुनेला मोकळं करायचं होतं तिला, पण लेकाला एकटं टाकायचं नव्हतं. दोन्ही कसं जमेल, ते तिने मनाशी ठरवलं आणि कुणाला सांगितलं नाही.

सकाळी सगळी वस्ती सड्यावर आली. दवाने भिजलेलं गवत, धुक्याने धुतलेलं आभाळ, आणि त्या आभाळाखाली आडवा पडलेला, रुंद खांद्यांचा, बिनतळव्यांचा तिवर. माणसं रेघेपासून चार हात लांब उभी राहिली. कुंभाही आला होता, पार मागे, कड्याशी. आज रेघ मिटली की धावडाआजा काजवीचा हात त्याच्या हाती देणार, हे सर्वांना माहीत होतं.

पांगारी आली. लेकाच्या पायांशी क्षणभर थांबली. मग दोन घोट्यांमधल्या त्या उघड्या वाटेने, जी त्याच्यासाठी ठेवली होती त्या वाटेने, ती आत शिरली आणि आतल्या बाजूला मांडी घालून बसली.

रेघ बाहेर बसून मिटवायची असते. पण सूर्य समोरून येत होता, तिला उजेड हवा असेल, असं माणसांना वाटलं. कातळाच्या कामात पांगारीला कोण विचारणार?

टक, टक, टक. डावा तळवा. टाच, मग बाहेरची कड, मग बोटं. करंगळी तिने फार जपून काढली. फुंकर. लाल भुगा तिच्या केसांवर, गालांवर, पापण्यांवर बसला. मग उजवा तळवा. टक, टक. ठोका तोच होता, सारखा, सावध, संथ. फक्त बाई रडत होती.

"पांगारे," धावडाआजा म्हणाला, "आता बाहेर ये. उरलेलं बाहेरून कर."

"उजेड जाईल, आजा."

वीतभर उरलं. मग चार बोटं. मग एक बोट. काजवीला एकाएकी कळलं. "आये!" ती किंचाळली. पण गारगोटी उठली होती, आणि पडली.

रेघ मिटली. पांगारी आत होती.

सड्यावर वारासुद्धा थांबल्यासारखा झाला. मिटल्या रेघेच्या आत जो उरला, तो मेलेल्यांचा. त्याला घास द्यायचा नाही, घोट द्यायचा नाही. एक म्हातारी मोठ्याने रडू लागली.

काजवी धावत आली आणि रेघेवर तिचा पाय उचलला गेला.

"खबरदार!" पांगारी ओरडली. "पाय टाकलास तर रेघ मोडेल. मोडली तर तू जन्माची बांधली गेलीस. मागे हो! तो बघ, माणूस उभा आहे तुझा. चांगला आहे. जा, चूल पेटव, पोरं काढ, हस. तोंड दाबू नकोस हसताना."

"आणि तू?"

"मी बसते ह्याच्यापाशी. एकटा कसा राहील गं तो?"

काजवीचा पाय अधांतरीच होता. तिने मागे वळून पाहिलं. कड्याशी कुंभा उभा होता. उन्हात उजळलेला, उत्सुक, उमदा. साऱ्या वस्तीदेखत, पहिल्यांदाच, तिने त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं. पुरतं पाहून घेतलं.

मग ती सासूकडे वळली. "तो गेला, आये. त्याला रडून झालं माझं. तू तर जिवंत आहेस ना गं!"

आणि तिने पाय टाकला. आत गेली, पांगारीला काखेत धरून उचललं, आणि ती लाथा झाडत असताना, बुक्क्या मारत असताना, "नको गं, नको गं माझे बाई" म्हणत असताना, तिला फरफटत रेघेबाहेर आणलं. दोघी गवतात पडल्या. पिवळं गवत दोघींच्या अंगाखाली कुरकुरलं.

सगळ्यांचे डोळे धावडाआजाकडे लागले. न बोलून चाललं असतं, तर तो जन्मभर बोलला नसता. पण रीत त्याच्या आज्याची, आणि त्या आज्याच्या आज्याची होती.

"रेघ मोडली," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून रडला.

माणसं एकेक करून उतरली. कुंभा शेवटपर्यंत उभा होता. रेघ मोडलेल्याच्या बायकोला घरात घेतलं, तर कुंभाची माणसं त्याला आपल्या काठावर उभं करणार नव्हती. त्याने एक पाऊल पुढे टाकलं. काजवीने मान हलवली, नको म्हणून. मग तोही उतरला.

पांगारीला आता कुठे उमगलं, आपण काय करून बसलो. तिने कपाळ बडवून घेतलं. "मेलेल्याला एकटं सोडवेना, म्हणून जित्या पोरीला कोंडलं मी! कसली आई मी? कसली सासू? तुझा जन्म खाल्ला मी, पोरी!"

काजवीने सासूची रक्ताळलेली बोटं आपल्या मांडीवर घेतली. त्यांवरचा कातळाचा भुगा ती फुंकरीने उडवत राहिली, एकेका बोटावरचा, हळूहळू. नजर मात्र खाली होती, खाडीवर.

ओहोटी लागली होती. उतरत्या, उजळत्या, उदास पाण्यावरून एक होडी पलीकडे चालली होती. ती हाताएवढी झाली, मग बोटाएवढी झाली, मग डोळ्यातल्या बाहुलीएवढी झाली. आणि जोवर ती दिसत होती, तोवर काजवीने पापणी लवू दिली नाही.