दारातलं गुड नाईट

इयुलिनमावशीने सांगून टाकलं होतं. या आठवड्यात एकही पाहुणा टिकला नाही, तर हॉटेल बंद, आणि वरच्या खोल्या शाळेच्या मास्तरांना भाड्याने. मास्तर निदान उशा पळवत नाहीत, असं तिचं म्हणणं. हॉटेल बंद म्हणजे तिची भाची लेरिसा पुन्हा बोटीने ग्रेनाडाला, जुन्या नोकरीवर. आणि दोन वर्षांची मीका इथे, कॅरिअकू बेटावर, मावशीजवळ. लेकीचं तोंड लेरिसाने फक्त रविवारी बघायचं.

म्हणून आज ती सकाळपासून पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरत होती. कुरकुरणाऱ्या पंख्याला तेल घातलं, मच्छरदाणीची भोकं शिवली. नळाचा भरवसा नाही म्हणून बादल्या भरल्या, बादलीत मीका पडेल म्हणून त्यांवर ताटं झाकली, आणि ती ताटं मीका उचलेल म्हणून वर दगड ठेवले.

अंधार पडता पडता गाडीतून एक जोडपं उतरलं. डेन्मार्कचं, घामाने निथळणारं. गाडी लगेच निघून गेली. मावशी दारात उभी राहिली आणि रीतीप्रमाणे म्हणाली, "गुड नाईट."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. "आम्हाला खोली—"

"गुड नाईट," मावशी जरा ठासून म्हणाली.

"आधी कळवलं होतं, दोघांसाठी—"

"गुड नाईट."

दोघांनी मुकाट्याने बॅगा उचलल्या आणि फाटकाबाहेर जाऊन कठड्यावर बसले.

"बघितलंस?" मावशी आत येऊन म्हणाली. "तीनदा म्हटलं. त्यांच्या तोंडून एकदा तरी निघालं?"

"मावशी, दमलेत गं ते."

"दमल्यावर जीभ गळून पडते काय? दारात आलेलं गाढवसुद्धा कान हलवतं. खोली देईन, पण माणसाला."

लेरिसा नारळाच्या दुधात शिजलेला नीरफणस ढवळत राहिली. बाहेर जावं तर मावशी भडकणार, न जावं तर हॉटेल बुडणार. तेवढ्यात लक्षात आलं, मीका कुठे दिसत नाही. ती पळत सुटली. मीका कठड्यापाशी उभी होती आणि पाहुणीच्या हातातलं बिस्कीट खात होती. लेरिसाने आधी बिस्कीट उलटसुलट करून पाहिलं, मग पाहुणीकडे.

"आम्ही जातोच आहोत," पाहुणी ओशाळून म्हणाली. "जवळ दुसरं हॉटेल आहे का? त्या बाईंनी तीनदा हाकललं."

"हाकललं? मावशी तर तुम्हाला या म्हणत होती."

"गुड नाईट म्हणून?"

"मग काय म्हणणार? काळोख पडलाय."

"आमच्याकडे ते झोपायला जाताना म्हणतात. निरोप घेताना."

आल्या माणसाशी काही न बोलता निरोपालाच तोंड उघडायचं, हे कसलं आतिथ्य, असं लेरिसाच्या मनात आलं. पण वाद घालायची ही वेळ नव्हती. "फाटकातून आत या आणि मोठ्याने म्हणा. दोघंही."

नवरा दारापर्यंत आला आणि पुटपुटला, "गुड नाईट."

"कोण बोललं? डास का?" आतून आवाज आला.

"गुड नाईट," दोघं एका सुरात ओरडले.

मावशी पदार्थ वाढायचा डाव घेऊनच बाहेर आली. "गुड नाईट, पोरांनो, गुड नाईट. होतात कुठे इतका वेळ? जेवण निवलं की."

मग जेवणं झाली. पाहुण्याने नीरफणस दोनदा मागून घेतला, तेव्हा मावशी त्याला 'बाळा' म्हणू लागली. पंखा कुरकुरत असेल तर झोपेत बरी सोबत होते, असंही तिने सांगितलं. पोट भरलेला पाहुणा समाधानाने उठला, जिन्याकडे वळला आणि सवयीने म्हणाला, "गुड नाईट."

मावशीने चटकन फाटकाकडे मान वळवली.

"लेरिसा, आणखी कोण आलं बघ गं. समोरची खोली पण उघड, आणि मास्तरांना म्हणावं, दुसरीकडे बघा."