तीन शिट्ट्या

चाळीस वर्षांपूर्वी आमच्या चार सिलिंडरच्या गाडीला घरामागच्या चढावर धाप लागायची. माझा धाकटा भाऊ ह्यांना म्हणाला, "भावोजी, विकून टाका. हिच्यात दम नाही."

ह्यांना ते फार लागलं. गल्लीतल्या मेकॅनिकला हाताशी धरून ह्यांनी दोन महिने खपून तिला टर्बो बसवला. "इंजिनाचाच धूर चक्र फिरवतो आणि ते चक्र इंजिनात जास्त हवा कोंबतं," असं हे जेवताना समजावून सांगत.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तुझ्यासारखंच. स्वतःच्याच हवेनं फुगायचं."

एका रविवारी भाऊ जेवायला आला. "आज हिला धाप लागली तर उद्याच विकतो," असं म्हणून हे त्याला शेजारी बसवून चढाकडे गेले. मला धाकधूक होती. तान्ह्या लेकीला दवाखान्यातून मी त्याच गाडीतून घरी आणलं होतं. मी बटाट्याचा कुकर लावला आणि खिडकीशी कान देऊन उभी राहिले. तिसरी शिट्टी ऐकली आणि गॅस बंद केला.

दोघे परतले. भाऊ जेवायला बसला आणि पहिलाच बटाटा बराच वेळ चावत राहिला.

"ताई, किती शिट्ट्या केल्यास?"

"तीन."

"त्यातल्या दोन आमच्या. टर्बो चढावर शिट्टी मारतो." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "गाडी ठेवा, भावोजी. दम नाही तो ह्या बटाट्यात."

ह्यांनी ती कच्ची भाजी दोनदा मागून घेतली.