शिवण नसलेला मोजा

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे. कापड शिवणारी नव्हे, लोकर विणणारी. माझी दोन्ही टोकं पोलादी आहेत आणि मधे एक लवचीक दोरी आहे. दोरी टोकांना जिथे जोडली आहे, तो जोड कारखान्यात इतका गुळगुळीत केला होता, की लोकर त्यावरून अलगद सरकायची. मला त्याचा फार तोरा होता.

मला विकत घेतलं एका शिंप्याच्या बायकोने. शिंपी मशीन चालवायचा आणि ती शेजारी बसून मोजे विणायची. घोट्याकडून सुरुवात करायची आणि शेवटी बोटांपाशी शिवून बंद करायचं, ही तिची रीत. कपडे न्यायला आलेली गिऱ्हाइकं तिच्या मोज्यांचंच कौतुक करत बसायची.

पुढे मधुमेहाने शिंप्याच्या पायांची जाणीव गेली. मोज्याच्या आतली शिवण करंगळीला घासत राहिली आणि त्याला पत्ताच लागला नाही. जखम चिघळली, करंगळी काढावी लागली. पुन्हा जखम झाली तर पाऊल जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं.

"जन्मभर शिवणीवर पोट भरलं," शिंपी म्हणाला, "एकदा तरी लागणारच की ती." तो हसला. मालकिणीला हसू आलं नाही. तो मोजा तिनेच विणला होता. तिने मला खणात टाकलं आणि दोन महिने हात लावला नाही.

मग मलमपट्टी करणारी सिस्टर एकदा तिला म्हणाली, "काकू, बोटांकडून सुरुवात करा ना. शिवणच लागत नाही." मालकिणीने दुसऱ्या दिवशी मला दवाखान्यात नेलं. बाकावर बसून सिस्टरने माझी दोन्ही टोकं जवळ धरली आणि लोकर एकदा या टोकावर, एकदा त्या टोकावर अशी घेत गेली. एकाच धाग्यातून मोज्याची वरची आणि खालची बाजू बरोबरीने निघाली. मालकीण बघतच राहिली.

घरी मात्र तिच्या नाकी नऊ आले. टाके पिळले जायचे, माझ्यावरून निसटायचे. सातव्या खेपेला जमलं आणि आठ दिवसांत मोजा झाला. शिंप्याने तो उलटा केला, डोळे मिटले आणि बोट फिरवलं. पाय बधिर झाले होते, हाताची बोटं अजून शिंप्याचीच होती.

"इथे गाठ आहे गं."

होती, तांदळाच्या कणीएवढी. चाळीस वर्षांच्या सवयीने तिने पहिला टाका गाठ मारूनच घेतला होता. खरं तर पहिला फेरा नुसता बोटाने दाबून धरायचा होता.

"राहू दे. एवढ्याशाने काय होतंय?"

"मागच्या वेळीही एवढंसंच होतं," ती म्हणाली.

पहिला टाका उसवताना सगळ्यात शेवटी हाती लागतो. तिने अख्खा मोजा उसवला. मी तिच्या मांडीवर रिकामी पडून होते आणि, खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटत होतं.

नव्याने विणलेल्या मोज्यावरून शिंप्याने बराच वेळ बोट फिरवलं. "सुरुवात कुठून केलीस?" त्याने विचारलं. "मला सापडत नाहीये." तेव्हा मालकीण पहिल्यांदा रडली.

तो आणखी नऊ वर्षं जगला. पुन्हा जखम झाली नाही. तो गेल्यावर मी बटणांच्या डब्यात पडून राहिले आणि माझ्या त्या तोऱ्याच्या जोडाला गंज चढला. परवा भेटायला घरी आलेल्या सिस्टरने विणायला मला उचललं, तर पहिल्याच ओळीत लोकर अडकली. "टाकून द्या काकू, नवीन आणू," ती म्हणाली.

मित्रांनो, ज्याला दुखलेलं सांगता येत नाही, त्याची चौकशी आपणच करायची असते. पाय असो की सुई, रोज एकदा हात फिरवून बघा. माझी एवढीच विनंती आहे.

मालकिणीने मला हातात घेतलं, डोळे मिटले आणि जोडावरून हळूच बोट फिरवलं.

"इथे आहे," ती म्हणाली, आणि शिंप्याच्या खणात पॉलिश पेपर शोधायला उठली.