एलोरा गाडीचा कौल

हातखंब्याला हायवेच्या दोन्ही अंगांना गाड्यांची दोन दुकानं समोरासमोर उभी आहेत. दुकान म्हटलेलं मालकांना आवडत नाही, शोरूम म्हणायचं. पाडव्याच्या आधीच्या त्या आठवड्यात पलीकडच्या शोरूममधून रोज दोन-तीन गाड्या हार घालून बाहेर पडत होत्या, आणि अलीकडच्या शोरूममध्ये विनीत गुरव काचेतून ते हार बघत उभा असायचा. चौदा वर्षं तो त्रिवेग कंपनीच्या गाड्या विकत होता. पहिली काही वर्षं गाड्या आपोआप खपायच्या आणि विनीतला वाटायचं, आपणच खपवतोय. आता त्या खपत नव्हत्या आणि मालकाला वाटायचं, विनीतच खपवत नाही.

त्रिवेगचं घोडं कुठे पेंड खातंय हे नाक्यावरच्या चहावाल्यालाही ठाऊक होतं. कंपनीची साधी गाडी बरी चालायची. मास्तर घ्यायचे, ग्रामसेवक घ्यायचे, मुंबईचे चाकरमानी गावच्या घरासाठी घ्यायचे. पण साध्या माणसांना गाड्या विकण्यात कंपनीला कमीपणा वाटायला लागला. पाच वर्षांपूर्वी तिने मोठ्या लोकांसाठी दुसरं नाव काढलं, एलोरा. इंजिन तेच, सांगाडा तोच, पुढे चकचकीत जाळी, आत चामड्यासारख्या दिसणाऱ्या सीटा, आणि किंमत दीड लाख जास्त. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. इथला माणूस मासळी घेताना कल्ला उचलून बघतो; त्याने एलोराचं बॉनेट उचललं आणि विचारलं, यात नवीन काय? मोठी माणसं पलीकडच्या शोरूममध्ये गेली. साध्या माणसांना वाटलं, आपली गाडी आता कंपनीलाच नकोशी झालीय, म्हणून तीही गेली.

मग कंपनीने भाव उतरवायला सुरुवात केली. एकदा उतरवला, दोनदा उतरवला, तिसऱ्यांदा उतरवला तेव्हा महिन्यापूर्वी पूर्ण पैसे मोजून गेलेला लांज्याचा एक काजू कारखानदार आपली एलोरा शोरूमच्या दारात आडवी लावून दिवसभर बसला. त्याला पाणी नेऊन द्यायचं आणि शिव्या घेऊन परत यायचं काम विनीतकडे होतं. पलीकडच्यांनी भावाला हातसुद्धा लावला नाही. त्यांनी मागच्या बाजूला एक कॅमेरा दिला, सर्व्हिस तीन वर्षं फुकट केली, आणि उरलंसुरलं गिऱ्हाईकही ओढून नेलं.

शिमगा जवळ आला, पालख्या देवळाबाहेर पडायच्या तयारीत होत्या, आणि कंपनीचा शुभंकर नावाचा साहेब पुण्याहून आला. वय तीसच्या आतबाहेर, बोलणं मऊ. मालक सागरशेठच्या केबिनमध्ये त्याने सगळ्यांना सांगितलं की मे महिन्यापासून एलोरा बंद होणार. नाव, गाडी, सगळंच. अंगणात उभ्या आहेत त्या मार्चअखेर जातील त्या भावाला काढायच्या आणि गिऱ्हाइकाला यातलं काही सांगायचं नाही. पार्ट मिळत राहतील का, असं विनीतने विचारलं. कागदोपत्री मिळतील, असं साहेब म्हणाला. एलोराचा बंपर आजच अडीच महिने येत नव्हता. साहेब गेल्यावर सागरशेठने आपलं सांगितलं: पाच माणसांना पगार द्यायला परवडत नाही, दोन ठेवणार, आणि या महिन्यात ज्याची गाडी जाणार नाही त्याने पुढच्या महिन्यात येऊ नये. दोन महिन्यांत विनीतची एकही गाडी गेली नव्हती. वय सेहेचाळीस, लेक मनस्वी रत्नागिरीत कॉलेजला, आणि गाड्या विकण्याखेरीज दुसरं काही येत नाही. या वयात पलीकडचेही घेणार नाहीत हे त्याला कळत होतं.

त्याच्या हातात एकच गिऱ्हाईक होतं, ते म्हणजे त्याच्याच कोंडखोल गावचे रावजीतात्या. तात्यांनी तीस वर्षं एसटी चालवली. अख्खा तालुका इकडून तिकडे नेला, पण स्वतःच्या दारात सायकलीपलीकडे काही उभं राहिलं नाही. निवृत्तीचे पैसे आल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला, पाडव्याला गाडी दारात. मुलगा ऋत्विक मुंबईहून फोनवर सांगत होता की पलीकडची घ्या. विनीत तीन महिने त्यांच्या ओट्यावर बसून सांगत होता की एलोरा घ्या, एवढ्या पैशात एवढी मोठी गाडी कुठे मिळत नाही. ते खोटंही नव्हतं. निदान शुभंकर येईपर्यंत नव्हतं. नंतरही विनीत दोनदा त्या ओट्यावर गेला आणि तेच बोलला, तेव्हा मात्र त्याला घोटभर चहासुद्धा जड गेला.

बापाचं एक, लेकाचं एक, असं घरात चाललेलं बघून काशीकाकीने, म्हणजे तात्यांच्या बायकोने, तोडगा काढला. गावदेवी नवलाईला कौल लावायचा. गावात विहीर खणायची असो की सोयरीक करायची असो, देवीला विचारल्याशिवाय पान हलत नाही. आणि कौल लावणारा गुरव होता दादूकाका, विनीतचा सख्खा चुलता. विनीतचे वडील गेल्यापासून देवीची पूजा त्याच्याकडे होती. विनीतच्या नोकरीचं दादूकाकाला ठाऊक होतं. विनीतनेच आदल्या रविवारी जेवताना सांगितलं होतं, एलोरा बंद होतेय तेही आणि मार्चअखेरीचंही. काका तेव्हा नुसता भात कालवत राहिला होता.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी सकाळी देवळात चौघंच होते. तात्या धुतलेला सदरा घालून आले होते, काकीने नारळ आणि तांदूळ आणले होते. विनीत खांबाला टेकून उभा राहिला. त्याला देवीकडून काय हवंय तेच त्याला ठरवता येत नव्हतं. कौल उजवा पडला, म्हणजे देवीने होकार दिला, तर नोकरी राहते आणि तात्या बुडतात. डावा पडला तर तात्या सुटतात आणि तो स्वतः घरी बसतो. रात्री त्याने मनाची समजूत घातली होती की आपण काही बोलायला नको, जे काय ते देवी बघेल. दमलेला माणूस असल्या समजुतीत लवकर शिरतो.

दादूकाकाने गाऱ्हाणं घातलं. आवाज नेहमीचाच, खालच्या पट्टीतला.

"आई नवलाय, ही तुजी लेकरं तुज्या पायाशी आलीत. दारात गाडी आनतायत. विनीतच्या शब्दावर भरवसा ठेवून आनतायत. त्या शब्दावर गाडी घेन्यात यांचा बरा असंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे."

तात्यांनी आणि काकीने "व्हय म्हाराजा" म्हटलं. विनीतच्या तोंडून ते निघालं नाही.

फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करायच्या, देवीच्या दोन खांद्यांवर एकेक चिकटवायची आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. लहानपणी वडिलांशेजारी बसून विनीतने हे शेकडो वेळा पाहिलं होतं. पाणी दोन्हींना सारखं आणि बोटही सारखं, नुसतं टेकवायचं आणि काढायचं, हे वडील त्याला पुन्हा पुन्हा सांगायचे. त्यामुळे जे तात्यांना दिसलं नाही ते त्याला दिसलं. काकाने डावी पाकळी अंगठ्याने दाबून बसवली, भिंतीवर कागद चिकटवावा तशी. उजवी त्याने जेमतेम टेकवली.

उजवी पडायला किती वेळ लागणार? काकी "आई" म्हणून पालथ्या हाताने डोळे पुसू लागली. तात्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद विनीतने कधी पाहिला नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे विनीतचा हात धरला आणि सोमवारी पैसे घेऊन येतो म्हणाले.

विनीतला काकाची लाज वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःची वाटली. हा म्हातारा पंचवीस वर्षं सरळ हाताने कौल लावत आला होता. भावकीच्या वादात धमक्या आल्या, नवसाच्या नावाखाली नोटा पुढे सरकल्या, पण त्याचं बोट वाकडं झालं नव्हतं. धमक्या-नोटांना जे जमलं नव्हतं, ते विनीतने जेवताना केलेल्या एका रडगाण्याने करून दाखवलं. कंपनीने गाडी खपवायला सगळे उपाय केले होते, आता देवीलाही कामाला लावली होती.

"तात्या, ही गाडी घेऊ नका," विनीत म्हणाला.

त्याने मग सगळंच सांगितलं. मे महिन्यात एलोरा बंद होतेय, पार्टची बोंब आज आहे ती उद्या दुप्पट होईल, दोन वर्षांनी विकायला काढली तर भंगाराचा भाव येईल, आणि हे आपल्याला दोन आठवड्यांपासून ठाऊक आहे. घ्यायचीच तर ऋत्विक सांगतो ती घ्या, रस्त्याच्या पलीकडची. बोलताना त्याचा आवाज चढला नाही. थकल्या माणसाला खरं बोलायलाही जोर लागत नाही, हे त्याला तेव्हा कळलं.

पण तात्या ऐकेनात. त्यांना वाटलं, पोराला ऐन वेळी धीर सुटला, किंवा ऋत्विकने मागून फोन करून दम दिला. देवीने समोर उजवी दिली असताना विनीतने आडवं लावू नये, असं ते समजावणीच्या सुरात म्हणाले. गाड्या बंद होतात, एसटीच्या किती जुन्या गाड्या त्यांनी स्वतः ओढल्या होत्या. आणि शेवटी म्हणाले, "देवीनं दिलान, आता तू कोन रे नाय म्हननारा?"

याला विनीतकडे एकच उत्तर होतं, आणि ते द्यायचं तर काकाचं नाव घ्यावं लागलं असतं. एका वाक्यात म्हाताऱ्याची पंचवीस वर्षं मातीत गेली असती. गावाने त्याला देवळाची पायरी चढू दिली नसती. तात्या सदरा सारखा करत निघायच्या तयारीला लागले.

"रावजी, थांब," गाभाऱ्यातून दादूकाका म्हणाला. तो अजून देवीकडे तोंड करूनच बसला होता. "कौल मना बरोबर लावता आला नाय. हात हलला माजा. परत लावतो."

काकी तात्यांकडे बघू लागली. हात हलला म्हणजे काय, असं कुणी विचारलं नाही. काकाने हात धुतले, नव्या पाकळ्या घेतल्या, आणि तेच गाऱ्हाणं शब्दाचा फरक न करता पुन्हा घातलं. या खेपेला विनीतने डोळे बोटांवर ठेवले होते. पाणी सारखं होतं, बोटंही सारखी टेकली. मग बराच वेळ काहीच पडलं नाही. बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडत होती. तात्या एकदा खोकले. आणि डावी पाकळी सुटून देवीच्या पायाशी पडली.

तात्यांनी हात जोडले. त्यांच्या मनात होती ती गाडी तिथेच बंद पडली, ते चेहऱ्यावर दिसलं. काकीने नारळ देवीपुढे ठेवला, पदर सारखा केला आणि बाहेर जाता जाता विनीतपाशी थांबली. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"तीन म्हयने आमच्या वट्यावर बसून चा पिलास, विनीत," ती म्हणाली. "आज बोल्लास, ता दोन आटवड्यांमागं बोल्ला असतास, तर देवीला तरास कशाला दिला असता?"

दोघं पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून गेली. विनीत देवळाबाहेर पायरीवर बसला. रविवार असून सागरशेठचा फोन आला. पाडवा तोंडावर होता, तात्यांचं बुकिंग धरू का, असं त्यांनी विचारलं. ते घेत नाहीत, मीच नको म्हटलं, असं विनीतने सांगितलं. सागरशेठ ओरडले नाहीत, चौदा वर्षांची ओळख होती. एवढंच म्हणाले की उद्या ये आणि कंपनीचा फोन आणि चाव्या शोरूममधल्या रितेशकडे दे. तेही दमले असावेत.

थोड्या वेळाने दादूकाका आला आणि गुडघे धरत शेजारी बसला. तो फोन कुणाचा होता हे त्याने विचारलं नाही.

"तुज्यासाटी केलं होतं," तो म्हणाला.

"मग परत कशाला लावलात?"

काकाने मागे वळून गाभाऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू खरं बोल्लास. मंग हितं तिच्यासमोर मी येकलाच खोटा रायलो असतो."

विनीतने मान हलवली. काकाच्या मनावरचं ओझं उतरलेलं त्याला दिसत होतं, आणि ते बघून बरंही वाटलं. पण त्याचं स्वतःचं उतरेना. दुसऱ्या खेपेला काकाची बोटं दोन्हीकडे सारखी टेकली होती, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. विनीतच्या शब्दावर भरवसा ठेवावा काय, एवढंच काकाने देवीला विचारलं होतं, आणि नकाराची डावी पाकळी आपणहून पडली होती.