अकरा नंबरची जर्सी

शनिवारी दुपारी वेंडेल कोपेकी आयोवातल्या एका स्वयंपाकघरात ॲपल पाय खात बसला होता. एका लहानशा कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा तो दुय्यम कोच. दरवर्षी बारा मुलं आणायचीच, असा त्याला वरून हुकूम होता. संघासाठी नव्हे, वर्गातली बाकं भरावीत आणि फी यावी म्हणून. वरिष्ठ मंडळी याला भरतीचं धोरण म्हणत. लाज झाकायला शब्द किती पटकन सापडतात!

वेंडेलची रीत ठरलेली होती. पिशवीतून अकरा नंबरची जर्सी काढायची, पोराच्या अंगात चढवायची आणि फोटो काढायचा. तो फोटो एकदा फ्रिजवर लागला, की आई प्रवेशाच्या कागदावर सही करतेच.

"कोच, अजून एक तुकडा घ्या हो," घरधनीण डार्लीन म्हणाली. "आमच्या ब्रेंटनं गावभर सांगून ठेवलंय."

"आई, गप ना!" ब्रेंट लाजला. "कोच, जर्सी आणलीय ना?"

वेंडेलनं काटा बशीत ठेवला. त्याला गेल्या नोव्हेंबरातला पहिला सामना आठवला. नोरीन ट्रास्क आपल्या कोल्बीचा खेळ बघायला आजीला आणि मामाला घेऊन तीन तास गाडी हाकत आली होती. फ्रिजवरचा कोल्बीचा फोटो बघून तिनं सगळ्यांसाठी अकरा आकड्याचे शर्ट छापून घेतले होते. पलीकडच्या रांगेत आणखी एक कुटुंब बसलं होतं. त्यांच्याही शर्टांवर अकराच! दोन्ही घरची माणसं आधी हसली, मग टकामका एकमेकांकडे बघत राहिली. मैदानात अकरा नंबर घालून उतरला तो तिसराच पोरगा. कोल्बी साध्या कपड्यांत येऊन आईशेजारी बसला. "चल ना घरी," एवढंच म्हणाला.

नोरीननं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "कोच, माझीच तारीख चुकली का हो?"

"पुढच्या वर्षी नक्की," वेंडेल म्हणाला होता. नाताळाआधीच कोल्बीनं कॉलेज सोडलं. आता तो गोदामात खोकी उचलतो. बारा मुलं भरल्याबद्दल वेंडेलची मात्र सगळ्यांनी पाठ थोपटली.

"कोच?" ब्रेंट वाट बघत होता.

वेंडेलनं बशी बाजूला सारली. "ब्रेंट, संघात त्रेचाळीस पोरं आहेत अन् जर्स्या पंधरा. तुला खेळायला मिळणार नाही. बहुतेक कधीच नाही. शिकायचं असेल तर खुशाल ये, पण खेळायला म्हणून येऊ नकोस."

डार्लीनच्या हातातली सुरी थांबली. "मग इथवर आलात कशाला? आमची थट्टा करायला?"

"थापा मारायलाच आलो होतो, बाई. जमलं नाही."

यंदा बारा भरणार नाहीत आणि नोकरीही टिकणार नाही, हे त्याला कळत होतं. तरी छातीवरचं ओझं काही हललं नाही. हे बोलायला हवं होतं ते नोरीनच्या घरी. इथे बोलून कोल्बीचं वर्ष थोडंच परत येणार होतं?

तो उठला. ब्रेंट दारापर्यंत मागे आला. डोळे भरले होते, हात पिशवीच्या बंदावर होता.

"कोच, नाही खेळवलंत तरी चालेल. एक फोटो तरी काढू द्या ना. सगळ्यांना सांगून बसलोय मी."

"नाही, बाळा," म्हणत वेंडेलनं त्याची बोटं हळूच सोडवली.

गाडी त्यानं कॉलेजकडे नेली नाही, नोरीनच्या गावाकडे वळवली. तिच्यासमोर उभं राहायला त्याला तोंड नव्हतं. ती दार लावून घेईल, नको नको ते बोलेल, त्याची त्याला भीती नव्हती. तिच्या फ्रिजवर तो फोटो अजून असेल, याची होती.