कमरेच्या मापाचा काठ

"मावशी, ह्या टोपल्या अर्ध्याच काऊन आहेत?"

राजदीपने एक टोपली उचलली आणि हात झटकून पुन्हा खाली ठेवली. वरच्या बाजूने बांबूच्या कामट्या साळिंदरासारख्या उभ्या होत्या, त्यातलीच एक त्याच्या तळव्यात घुसली होती. चंद्रपूरच्या या थंडीतल्या दोन दिवसांच्या हस्तकला मेळ्याची सगळी धावपळ त्या बिचाऱ्याच्या एकट्याच्या अंगावर. काल दिवसभर त्याला इकडे फिरकायलाही सवड झाली नव्हती.

"अर्ध्या कायच्या? पुऱ्या हाय," कलाबाई म्हणाली. "काठ तेवढा बांधाचा राह्यला."

"मग बांधला काऊन नाई?"

"घेनारी कोन हाय ते कुठी ठाऊक होतं मले?"

आता बोला! राजदीपने कपाळावर हात मारून घेतला. पण कलाबाईचं काही चुकलं नव्हतं. आलापल्लीच्या पलीकडे, जंगलातल्या तिच्या गावात टोपली अशीच विकली जाते. तळ आणि भिंती घरी विणायच्या. मग घेणारी बाई समोर आली की टोपली तिच्या कमरेवर ठेवायची, कुठे टेकते ते बघायचं आणि तेवढ्या मापाचा काठ भिजवलेल्या कामटीने बांधून द्यायचा. काठ मोठा झाला तर बरगडीला घासतो, लहान झाला तर टोपली निसटते. सासूने तिला हेच शिकवलं. चाळीस वर्षं बाजारात तिने असंच केलं. म्हणून मेळ्यातही ती गावच्या पाच जणींच्या तीस टोपल्या उघड्या काठाच्याच घेऊन आली, आणि सोबत कामट्यांची मोळी अन् एक बादली.

काल शहरातल्या बाया आल्या, टोचलं तशा पुढे गेल्या. कलाबाई वाट पाहत बसली, की कोणीतरी टोपली कमरेवर घेईल. कोणी घेतली नाही. शहरातल्या बाईला काय स्वप्न पडणार होतं?

"चार वाजता निवड समिती येणार," राजदीप समजुतीने म्हणाला. "अर्धवट माल दिसला तर पुढच्या वर्षी तुमच्या गावाला दुकान मिळणार नाही, मावशी. माझ्या हातात काही नाई राहत. एकाच मापाचा काठ बांधून टाका ना सगळ्याईले."

"कोनाच्या मापाचा?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो पळाला.

कलाबाईच्या गावाला पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं. चौघींनी आपलं काम तिच्या हवाली करून तिला गाडीत बसवलं होतं. आता त्यांना काय तोंड दाखवायचं? कोणाचं माप न घेता हवेतच काठ बांधायला तिने एक टोपली मांडीवर घेतली, पण हात चालेना. खोटं बोलल्यासारखं वाटायला लागलं.

"माह्या मापाचा बांध," शेजारून आवाज आला.

शेजारचं दुकान ब्रह्मपुरीच्या खातूनचं. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणारी ही बाई अंगापिंडाने भक्कम, बोलायला फटकळ. दोघींची ओळख कालचीच, दुपारी एका डब्यात जेवल्या तेवढी.

कलाबाईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुह्या मापाचा बांधला तं आमच्या गावच्या दोघी मावतील त्यात."

"मर मेली!" खातून खदखदून हसली आणि खरोखरच कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "बांध. बघू तं दे कसं बांधतेस."

कलाबाईने टोपली तिच्या कमरेवर टेकवली, अंगठ्याने खूण केली, बादलीतली कामटी काढली. सराईत बोटं चालू लागली. कामटी वळली, आत गेली, बाहेर आली, घट्ट बसली. खातूनने टोपली घेऊन चार पावलं टाकली आणि थांबलीच.

"अगं, हे तं चिटकून राह्यली! मले सांग, हे तू काल कोनाले सांगतलं काऊन नाई?"

"कोनी इचारलं नाई."

"वा गं वा! म्हणे इचारलं नाई!"

मग ओढणी कमरेला खोचून ती निघालीच. समोरच्या दुकानातल्या, मुलचेऱ्याहून आलेल्या बंगाली पोरीला हाताला धरून आणलं. लोणचीवाल्या नीलाबाईला आणलं. "चला, कंबर द्या," एवढंच म्हणायची, आणि बाया हसत हसत यायच्या. हा काय प्रकार म्हणून मेळ्याला आलेल्या बाया थांबल्या. कोणी कॉलेजातली, कोणी नोकरीवाली. जन्मात कमरेवर टोपली न घेतलेल्या त्या बाया लाजत उभ्या राहायच्या आणि काठ बांधून झाला की टोपली सोडायच्या नाहीत. माझ्या मापाची आहे म्हणायच्या. खातून रांग सांभाळत होती, बादलीत पाणी भरत होती, पुढे घुसणारीला दटावत होती.

समिती आली तेव्हा कलाबाईला मान वर करायलाही फुरसत नव्हती. समितीतल्या पिकल्या केसांच्या बाईंनी राजदीपला काहीतरी विचारलं. आणि विचारून झाल्यावर त्या गुपचूप रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. पाऊण तास. नंबर आला तेव्हा पदर सावरून म्हणाल्या, "बांधा." निघताना राजदीपला सांगून गेल्या, की पुढच्या वर्षी या मावशींना कोपऱ्यात बसवू नका, मधोमध बसवा.

कलाबाईचा जीव भांड्यात पडला. तिसातल्या दोनच टोपल्या उरल्या होत्या. तिने डोळे पुसले, खातूनला काहीतरी म्हणावं म्हणून वळली, आणि तिची नजर शेजारच्या दुकानावर गेली.

गोधड्यांची चळत सकाळी होती तेवढीच होती. दिवसभर तिथे माणूसच नव्हतं. मेळ्याचा शेवटचा दिवस, तासाभरात सगळं बंद होणार. आणि ही बाई तिकडे चहावाल्याशी एका कपावरून हुज्जत घालत होती, जसं काही झालंच नाही.

कलाबाईला भरून आलं. अशी माणसं देव कुठून पाठवतो, आणि ओळख तरी किती, एका डब्याची!

ती उठली. खातूनच्या दुकानात गेली. वरची गोधडी झटकून हातांवर उलगडली, निळ्या-पिवळ्या चौकटींची. आजवर तिने माल कधी ओरडून विकला नव्हता. पहिली हाक तिची तिलाच ऐकू आली. दुसरी निघाली ती अशी, की तीन दुकानं पलीकडचा माणूस दचकला.

"या बाई, या! गोधडी घ्या! हात लावून पाहा!"

एक जोडपं थांबलं. बाईने कापडावरून हात फिरवला, टाके बघितले आणि विचारलं, "तुम्ही शिवलीत का?"

"नाई जी," कलाबाई म्हणाली. "शिवनारी तिकडं चहा पिऊन राह्यली. मी तिच्याकडची हाय."