लिव्हरवरचा हात

मास्तरांच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं कॅप्टन बायकोला दोन वर्षं सांगत आले होते. राहून वगैरे काही गेलं नव्हतं. पत्र त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं, आणि कोट धुवायला टाकताना ते न चुकता दुसऱ्या कोटाच्या खिशात जात होतं.

मास्तर म्हणजे त्यांचे एके काळचे को-पायलट. टेकऑफच्या आधीची तपासणीची यादी ते इतक्या खणखणीत आवाजात वाचत, की केबिनच्या प्रमुख, ज्यांना सगळी कंपनी ताई म्हणे, एकदा दारातून डोकावून म्हणाल्या, "अहो मास्तर, पाढे झाले असतील तर मधली सुट्टी द्या." नाव तिथेच चिकटलं.

पत्र जेमतेम अर्ध्या पानाचं होतं. 'सर, पुढच्या महिन्यात कॅप्टनपदाची परीक्षा आहे. एकच विचारायचंय. त्या दिवशी मी घाबरलो होतो, की मला खरंच दिसलं होतं? हे फक्त तुम्हीच सांगू शकता. तुम्ही म्हणाल ते मी खरं मानीन.'

तो दिवस तसा लख्ख उन्हाचा होता. विमान भरलेलं, रनवे जरा आखूड, कॅप्टन मजेत.

टेकऑफच्या धावेत एक वेग ठरलेला असतो. तो यायच्या आत इंजिन बिघडलं तर थांबायचं. तो ओलांडला की उडायचं, कारण थांबायला पुढे रनवे उरत नाही. तोवर कॅप्टनचा उजवा हात इंजिनांच्या लिव्हरवर असतो. को-पायलटने वेग पुकारला की हात उचलायचा, म्हणजे मागाहून थांबायचा मोह नको. 'थांबा' हा शब्द मात्र एकट्या कॅप्टनचा. को-पायलटने काय बिघडलं तेवढं सांगायचं.

पंचवीस वर्षांत कॅप्टनना एक खोड लागली होती. पुकारा व्हायच्या श्वासभर आधीच त्यांचा हात उठे. "वेग मला पाठीतून कळतो," असं ते म्हणत, आणि ऐकणारे माना डोलवत.

त्या दिवशीही हात उठला, आणि डावीकडे तोफ सुटावी तसा आवाज झाला. विमानाचं नाक डावीकडे ओढलं गेलं. कॅप्टनचा उजवा पाय आपसूक दाबला गेला, नाक रेषेवर आलं. हात मात्र मांडीवर होता. हात मांडीवर आला की उडायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

"सर, हात! थांबा!" मास्तर ओरडले.

हात लिव्हरवर परत गेला. पुढचं सगळं त्या हाताला पाठ होतं. इंजिनांचा जोर खाली, ब्रेक कच्च, उरलेल्या इंजिनाचा जोर उलटा. "थांबतोय! टॉवरला कळव." मास्तरांनी कळवलं, त्याच खणखणीत, पाढ्यांच्या आवाजात. विमान थरथरत, कुरकुरत, अगदी सरळ रेषेत उभं राहिलं. समोर रनवे उरला होता तो चार बसगाड्या लावता येतील इतका.

मागून ताईंचा आवाज येत होता. "बसा! सगळे बसा! काका, बॅग कुठे पळून जात नाही, आधी तुम्ही बसा!" मग त्यांचा फोन आला. "कॅप्टन, डाव्या इंजिनातून धूर येतोय, आग दिसत नाही. लोक बसलेत. घसरगुंड्या सोडू?"

"नको. अग्निशमनवाले पोचलेत, बघतायत. दारं बंदच ठेवा."

"ठेवते. पण लवकर बोला काहीतरी लोकांशी, तुमचा आवाज ऐकला की बरं वाटेल त्यांना."

कॅप्टन बोलले. वीस मिनिटांनी शिडी आली, आणि सगळी माणसं आपापल्या पायांनी खाली उतरली. कुणाला खरचटलंही नाही.

चौकशीत टेबलापलीकडे तिघं बसले होते. त्यांनी कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग लावलं आणि मास्तरांना विचारलं, "'थांबा' म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?" 'हात' हा शब्द त्यांनीही ऐकला, पण घाबरलेला माणूस काहीबाही बरळतो, त्यातलाच तो समजले. मास्तरांनी कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टननी पाण्याचा पेला अलीकडे घेतला.

"तोंडातून निघून गेलं," मास्तर म्हणाले.

कॅप्टनच्या अहवालात होतं, 'बिघाड कळताच मी थांबण्याचा निर्णय घेतला.' त्यात खोटं असं काही नव्हतं. त्यांना शाबासकी मिळाली. मास्तरांच्या फाइलवर शेरा आला, 'दबावाखाली ताबा सुटतो.' त्यानंतर महिन्याभरात ते पत्र आलं.

परवा वार्षिक प्रशिक्षणात कॅप्टन आणि ताई रबरी घसरगुंडीवरून घसरून झाल्यावर मोज्यांवरच बाकावर बसले होते.

"मास्तरांनी याही वर्षी परीक्षेला नाही म्हटलं," ताई म्हणाल्या.

"का बरं?"

"म्हणतात, ऐन वेळी माझी जीभ घसरते, एवढी माणसं मी कशी सांभाळू? इतका हुशार माणूस, आणि तो शेरा खरा धरून बसलाय. तुम्ही तेव्हा काय सांगितलंत मास्तरांना?"

"काही नाही."

"कमाल आहे. सगळ्या विमानाला सांगता, पट्टे बांधा, डावीकडे नदी बघा. त्यांच्यासाठी एक वाक्य सुचलं नाही?"

कॅप्टननी बूट चढवले. घरी येऊन त्यांनी जेवणाच्या टेबलावरची ताटं बाजूला सारली आणि कागद घेतला.

"अहो, पोळ्या गार होतायत," बायको म्हणाली.

त्यांनी तिला सगळं सांगितलं, पेल्यासकट. मग म्हणाले, "निवृत्तीला आठ महिने आहेत. हे कळल्यावर मला घरी बसवतील."

तिने पोळ्यांवर झाकण ठेवलं. "बसवू देत. मग आपली भांडणं आठ महिने आधी सुरू होतील, एवढंच. लिहा तुम्ही."

त्यांनी एका बैठकीत लिहिलं, खाडाखोड न करता.

'मास्तर, तू घाबरला नव्हतास. माझा हात लिव्हरवर नव्हता. वेग यायच्या आधीच मी तो उचलला, हे तू पाहिलंस आणि बोललास. नुसतं "इंजिन" म्हणाला असतास तर मी उडायला निघालो असतो, आणि एका इंजिनावर तेवढा रनवे पुरला नसता. हे चौकशीत मी सांगायला हवं होतं. तू माझ्याकडे बघितलंस तेव्हाच. माझी हिंमत झाली नाही, तुझी मात्र झाली होती. याचीच प्रत कंपनीच्या सुरक्षा विभागाला पाठवतोय, म्हणजे शेरा ज्याचा त्याच्या फाइलवर जाईल. परीक्षेचा अर्ज भर.'

सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच ते दारात उभे होते. खिडकीमागच्या कारकुनाने दोन्ही पाकिटं वजनकाट्यावर टाकली.

"साधं की रजिस्टर?"

"दोन्ही रजिस्टर."

"आत किमती काही?"

"नाही, कागद आहेत."

कारकुनाने पहिल्या पाकिटावर शिक्का हाणला, मग दुसऱ्यावर, आणि मान न वळवता दोन्ही पाकिटं मागच्या पोत्यात भिरकावली.